रोबोट आमच्या बोटांसाठी का येत नाही?

गेल्या जयंतीची गोष्ट. भोसरीजवळच्या एका वस्तीतल्या विहारात व्याख्यान ठेवले होते. विषय होता 'नवे तंत्रज्ञान आणि बहुजन कामगार'. वक्ते चळवळीतले जुने, अभ्यासू. त्यांनी तासभर मांडणी केली. रोबोट येत आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता येत आहे, कारखान्यातून माणूस हद्दपार होणार आणि सगळ्यात आधी हद्दपार होणार तो आपला माणूस. शेवटी ते म्हणाले, "हा रोबोट म्हणजे नव्या पेशवाईचा शिपाई आहे. त्याला दारातच अडवा." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा मागच्या सतरंजीवरून एक पोरगा उठला. वय बावीस-तेवीस. मूळचा लातूरकडचा, तीन वर्षांपासून इथल्या एका लहान प्रेस शॉपमध्ये कंत्राटी ऑपरेटर. उजवा हात खिशात होता, तो त्याने बाहेर काढला. तर्जनी आणि मधले बोट नव्हते. तो म्हणाला, "सर, मोठ्या कंपनीत रोबोट आलेत, मी बघितलेत. आमच्या प्रेसवर कधी येणार? आला असता तर माझी बोटं राहिली असती ना?"

सगळे गप्प. वक्त्यांकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. त्या पोराला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी इथे लिहिते आहे. ते चळवळीतल्या काही ज्येष्ठांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते. रोबोट आपला शत्रू नाही. तो कुठे बसवायचा, कुठे नाही, त्याच्याजवळ कोणाला उभे करायचे आणि त्याने वाचवलेला पैसा नि वेळ कोणाच्या पदरात टाकायचा, हे चारही निर्णय जिथे होतात तिथे आपण नाही. भांडण त्या निर्णयांशी आहे. यंत्राशी भांडत बसलो तर ते निर्णय घेणारे मजेत सुटतात.

पहिला रोबोट कशासाठी आला होता?

कारखान्यातला पहिला औद्योगिक रोबोट १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसवला गेला. त्याचे नाव युनिमेट. जॉर्ज डेव्होल यांनी तो शोधला आणि जोसेफ एंगलबर्गर यांनी उद्योगात आणला. त्याला काम दिले होते डाय-कास्टिंगच्या यंत्रातून तापलेले धातूचे तुकडे बाहेर काढून ठेवण्याचे. म्हणजे जिथे माणसाचा हात भाजतो, चेंगरतो, तिथे लोखंडाचा हात घालायचा. निदान सुरुवात तरी अशी झाली होती.

पुढे काय झाले तेही बघा. ओहायो राज्यात लॉर्ड्सटाउन येथे जनरल मोटर्सने नवा कारखाना काढला आणि वेल्डिंगसाठी युनिमेटची रांग लावली. लाईनचा वेग ताशी साठ गाड्यांवरून शंभरच्या घरात नेला. रोबोट थकत नव्हता, पण त्याच लाईनवर पुढे उभ्या असलेल्या माणसाला आता छत्तीस-सदतीस सेकंदांत आपले काम उरकावे लागत होते. १९७२ मध्ये तिथल्या तरुण कामगारांनी संप केला तो या वेगाविरुद्ध. यंत्र तेच, पण पहिल्या ठिकाणी त्याने हात वाचवला आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाला पिळले. फरक होता तो यंत्राचा लगाम हातात असणाऱ्याच्या हेतूचा.

आता आपल्याकडे या. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात भारतात ८,५१० औद्योगिक रोबोट नव्याने बसवले गेले. आधीच्या वर्षापेक्षा ५९ टक्के जास्त. त्यातला मोठा वाटा वाहन उद्योगाचा. जगात त्या वर्षी सुमारे ५ लाख ४१ हजार रोबोट बसले आणि त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये, हे लक्षात घेतले तर आपला आकडा अजून लहान आहे. पण तो वाढतो आहे आणि चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात तो डोळ्यांना दिसतो.

मोठ्या मोटार कारखान्याच्या बॉडी शॉपमध्ये जाऊन बघा. नारिंगी-पिवळे हात वाकतात, वळतात, ठिणग्या उडतात आणि गाडीचा सांगाडा जोडला जातो. जाळीच्या कुंपणाचे दार उघडले की सगळे जागेवर थांबते. पेंट शॉपमध्ये रंगाचा फवारा रोबोट मारतो. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात तर माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे 'कोबॉट' दशकभरापूर्वीच आले. हे सगळे चांगलेच आहे. वेल्डिंगचा धूर आणि रंगाची वाफ माणसाच्या छातीत जायला नको, असे कोण म्हणणार नाही?

पण त्या गाडीला लागणारी क्लिप, ब्रॅकेट, बिजागरी कुठे बनते? मोठी कंपनी ती बनवत नाही. ती पहिल्या फळीच्या पुरवठादाराकडून घेते, तो दुसऱ्या फळीकडून, तो तिसऱ्या. ही उतरंड उतरत उतरत तुम्ही भोसरी-तळवड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोहोचता. तिथे दहा-पंधरा माणसे, चार-पाच पॉवर प्रेस आणि एक सुपरवायझर. ऑपरेटर पत्र्याचा तुकडा हाताने डायवर ठेवतो, हात मागे घेतो, पायाने पेडल दाबतो, वरून रॅम आदळतो. तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. एका पाळीत हजारो वेळा. बारा तासांची पाळी असेल, आदल्या रात्रीची झोप झाली नसेल, किंवा जुन्या यंत्राने पेडल न दाबताच दुसरा स्ट्रोक सोडला, तर हात मागे यायच्या आत रॅम खाली आलेला असतो.

वाहन उद्योगाच्या या पुरवठा साखळीतल्या अपघातांवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने अहवाल काढते आहे. क्रश्ड म्हणजे चिरडलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जखमींमध्ये बहुसंख्य स्थलांतरित आणि कंत्राटी कामगार आहेत, सर्वाधिक अपघात पॉवर प्रेसवर होतात आणि अनेकांचे राज्य विम्याचे कार्ड अपघात झाल्यानंतर काढले जाते. हे शेवटचे तर मी स्वतः दवाखान्याच्या पायरीवर बसून पाहिले आहे. रुमालात गुंडाळलेला हात, आणि शेजारी ठेकेदाराचा माणूस मोबाईलवर कार्डासाठी आधार नंबर विचारतो आहे.

बोटांचे दरपत्रक

मग या प्रेसवर रोबोट का येत नाही? तंत्रज्ञान नाही म्हणून? अजिबात नाही. पत्रा उचलून ठेवणारा साधा यांत्रिक हात हे रोबोटिक्समधले सोप्यातले सोपे काम. रोबोटचेही सोडा. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय स्ट्रोक सुटणार नाही, अशी सोय कितीतरी जुनी आहे. अदृश्य किरणांचा पडदा असतो. हात मध्ये आला की रॅम थांबतो. पण जुन्या पिन-क्लचच्या प्रेसमध्ये एकदा सुटलेला स्ट्रोक मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे तिथे हा पडदा लावून उपयोग नाही. एकतर डायभोवती पक्के कुंपण करावे लागते, नाहीतर प्रेसच बदलावा लागतो. आणि प्रेस बदलायला पैसा लागतो.

इथे हिशेब सुरू होतो. नवा प्रेस किंवा यांत्रिक हात म्हणजे लाखोंचा खर्च. एक ऑपरेटर जायबंदी झाला तर ठेकेदाराला एक फोन केला की दुसऱ्या दिवशी दुसरा हजर. आणि गेलेल्या बोटांचे? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेली एक अनुसूची होती. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली. मधले बोट १२ टक्के. अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. अंगठा ३० टक्के. एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के. विहारातल्या त्या पोराचा हिशेब हा इतकाच. २० टक्के! ज्याला रोज हातानेच कमवायचे आहे, त्याचा उजवा हात अधू झाला आणि कागद म्हणतो की ८० टक्के माणूस शिल्लक आहे.

मोठ्या कारखान्यात रोबोट का आला? कारण वेल्ड चुकला तर गाडी परत येते, नाव खराब होते, परदेशी ग्राहक जातो. तिथे वस्तू मौल्यवान आहे. लहान शेडमध्ये क्लिप खराब झाली तर भंगारात जाते आणि बोट गेले तर अनुसूचीत जाते. रोबोट माणसाच्या जिवाची किंमत बघून येत नाही, तो मालाची किंमत बघून येतो. माणूस जितका स्वस्त, तितका रोबोट लांब.

गटाराचे उदाहरण घ्या. केरळमध्ये २०१८ मध्ये तरुण अभियंत्यांनी 'बँडीकूट' नावाचा मॅनहोल साफ करणारा रोबोट तयार करून दाखवला. म्हणजे यंत्र आहे. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ चे आहेत. म्हणजे कायदाही आहे. तरी माणसे अजून गटारात गुदमरून मरतात. यंत्रही आहे, कायदाही आहे, मग अडते कुठे? आत उतरणाऱ्याची जात सगळ्यांना माहीत आहे, तिथे अडते.

माणूस स्वस्त कशाने झाला?

इथे कोणी म्हणेल, ताई, प्रेसवर सगळ्या जातींची गरीब पोरे आहेत. मराठवाड्यातले मराठा आहेत, ओबीसी आहेत, बिहार-उत्तर प्रदेशचे आहेत. यात जात कुठून आणली?

खरे आहे, सगळ्यांची पोरे आहेत आणि त्या सगळ्यांची बोटे मला सारखीच प्रिय आहेत. पण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातीचे निर्मूलन' या ग्रंथात जे सांगितले ते आठवा. जातिव्यवस्था नुसती श्रमाची विभागणी करत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते, आणि तीसुद्धा एकावर एक अशा पायऱ्यांची. हाताने काम करणारा खालचा, डोक्याने करणारा वरचा, ही शिकवण हजारो वर्षे मुरली आहे. ज्या समाजात हाताला मान नाही, त्या समाजात हात स्वस्त असतो. आणि एकदा हात स्वस्त झाला की तो कोणाच्याही मनगटाला असो, स्वस्तच विकला जातो. शेडमधल्या मराठा पोरालाही आज जातिव्यवस्थेने ठरवलेल्या भावातच राबावे लागते. फक्त त्याला ते अजून कोणी सांगितलेले नाही.

आणि कुठल्या पायरीवर कोण उभे आहे, याचा आकडा मागा. प्रेसवर किती अनुसूचित जातीचे, रोबोट चालवणाऱ्यांत किती, डिझाइनमध्ये किती, व्यवस्थापनात किती? अमेरिकेत शंभरावर कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीला कोणत्या दर्जाच्या कामावर कोणत्या वंशाची किती माणसे आहेत, याचा अहवाल दरवर्षी सरकारला द्यावा लागतो. आपल्या खासगी कंपन्यांवर जातीच्या बाबतीत असे बंधन नाही. वरच्या मजल्याचा मात्र एक हिशेब झाला आहे. देशातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. सुमारे ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय. रोबोट कुठे बसवायचा हे ठरवणारे टेबल ते हेच.

धोट्याचा धडा

'रोबोटला जात कळत नाही, नवे तंत्रज्ञान आले की जात आपोआप जाईल,' असे उद्योगपती आणि त्यांचे पगारी विचारवंत सांगतात. त्यांना मुंबईच्या गिरणीत घेऊन चला.

गिरणीत विणकाम खात्यात पगार चांगला होता. त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. का? धोट्यातली कांडी बदलताना तुटलेला दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड कसा लावणार? म्हणून आपले लोक कमी पगाराच्या सूतकताई खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. विणकाम खात्याचे दार आमच्यासाठी उघडण्याची मागणी घ्या, नाहीतर आमचे लोक संपात येणार नाहीत, असे त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना सुनावले. मागणी यादीत आली, पण नाइलाजाने. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांना कामगारांमधली ही भिंत दिसत नव्हती.

आता यातली खरी मेख बघा. तोंड न लावता दोरा ओवता येईल असा धोटा तेव्हा जगात होता. तोंडाने दोरा ओढण्यामुळे रोग पसरतात म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच त्या पद्धतीवर बंदी घातली होती. म्हणजे विटाळाच्या सबबीची मुळे उपटणारे यंत्र बाजारात उपलब्ध होते. मुंबईत ती सबब तरीही चालू राहिली. यंत्र समाजाच्या मागून चालत येते, स्वतःहून पुढे जाऊन समाज बदलत नाही.

आजचा धोटा वेगळा आहे. थोरात आणि ॲटवेल यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त आडनावे वेगळी. खासगी कंपन्यांकडून दलित आडनावाच्या अर्जाला प्रतिसाद येण्याची शक्यता ठळकपणे कमी निघाली. मुलाखतीत विचारले जाणारे 'फॅमिली बॅकग्राउंड', 'कम्युनिकेशन', 'कल्चर फिट' हे आजचे धोटे आहेत. तोंड लावायचे नाही एवढेच, विटाळ तोच.

बाबासाहेब यंत्राच्या बाजूने होते

आता त्या वक्त्यांना उत्तर. रोबोटला दारात अडवा, ही भूमिका आंबेडकरी नाही. ती चरख्याची भूमिका आहे.

१९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. त्यांचा युक्तिवाद असा, की माणूस पशूसारखा केवळ पोटासाठी राबत राहू नये, त्याला विचाराला, संस्कृतीला, स्वतःला घडवायला फुरसत मिळावी, तर यंत्राला पर्याय नाही. यंत्रामुळे जी हानी होते तिचा दोष यंत्राचा नाही. खासगी मालमत्ता आणि वैयक्तिक नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा तो दोष आहे. तेव्हा यंत्राला शाप देऊ नका, समाजरचना बदला, म्हणजे यंत्राचा लाभ सर्वांना मिळेल.

फुरसत हा शब्द नीट ऐका. ज्यांच्या आज्या-पणज्यांना मेलेली गुरे ओढण्यातून नि वेठबिगारीतून कधी उसंत मिळाली नाही, त्यांच्यासाठी फुरसत म्हणजे चैन नव्हे. फुरसत म्हणजे शाळा, विहार, वाचन, संघटना.

बाबासाहेब नुसते लिहून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले, ती त्यांच्याच कारकिर्दीची कमाई. तेव्हा रोबोट नव्हता. आज रोबोट आहे आणि आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ च आहे, असे सांगितले जाते. शेडमध्ये हजेरीवही कोण लिहितो हे ज्याला माहीत आहे त्याला या मर्यादेचा अर्थ सांगायला नको. यंत्र वाढले की माणसाचे तास कमी व्हायला हवेत. आपल्याकडे दोन्ही वाढतात. हा चमत्कार कोणी करून दाखवला?

त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या. वीज वापरणाऱ्या ठिकाणाला 'कारखाना' म्हणण्यासाठी आधी १० कामगार पुरत, आता २० लागतात. प्रेसची शेड साधारण किती माणसांची असते ते मी वर लिहिलेच आहे. जिथे बोटे सर्वाधिक तुटतात, नेमकी ती जागा 'कारखाना' या शब्दातून बाहेर पडली.

नोकऱ्या जाणार, त्याचे काय?

हा प्रश्न खोटा नाही आणि मी तो टाळणार नाही. हाताने वेल्डिंग करणाऱ्याची जागा रोबोटने घेतली की तो वेल्डर रस्त्यावर येतो. कंत्राटी असेल तर नोटीससुद्धा मिळत नाही, उद्या येऊ नको एवढेच सांगतात.

पण १९८२ चा गिरणी संप आठवा. सुमारे अडीच लाख कामगार. गिरण्या बसल्या, कापड मात्र विणले जातच राहिले. ते कुठे गेले? भिवंडीच्या यंत्रमागांवर, गिरण्यांनी मोडीत काढलेल्या जुन्या मागांवर, जिथे ना युनियन ना प्रॉव्हिडंट फंड. त्या नोकऱ्या नव्या यंत्राने खाल्ल्या नाहीत. जुने यंत्र आणि अधिक स्वस्त माणूस यांच्या जोडीने खाल्ल्या. तेव्हा रोबोट अडवल्याने नोकरी वाचते हा भ्रम आहे. रोबोट अडवला की काम उतरंडीने खाली सरकते, पिन-क्लचच्या प्रेसकडे. तिथे नोकरी असते, बोटे नसतात.

म्हणून मागणी 'रोबोट नको' अशी असू नये. ती अशी असावी:

एक. रोबोट आणि सुरक्षित यंत्र आधी तिथे, जिथे हात तुटतात. सरकार १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेतून उद्योगांना सवलती देते, औद्योगिक विकास महामंडळ जमीन देते. त्या सवलतींना ८० टक्के स्थानिकांना रोजगार अशी अट सरकार घालतेच ना? मग आणखी एक अट घाला. पुरवठा साखळीतला एकही पिन-क्लच प्रेस उघडा राहणार नाही आणि त्याची जबाबदारी सुटा भाग विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीची. भागाचा दर्जा तपासायला त्यांचा माणूस शेडपर्यंत पोहोचतो, तर हात तपासायलाही पोहोचेल.

दोन. रोबोटजवळ आपली पोरे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात कलम ३-अ आहे. ठरवून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायचे बंधन त्यात आहे आणि ते खासगी उद्योगालाही लागू आहे. किती कंपन्या पाळतात, कोणी मोजले? शिवाय शिकून झाल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. म्हणजे शिकताना राखीव जागा आणि शिकलात की रस्ता मोकळा. २०१३ मध्ये आलेल्या 'नीम' योजनेत हेच झाले. प्रशिक्षणार्थी म्हणायचे, विद्यावेतन द्यायचे आणि लाईनवर पूर्ण काम करून घ्यायचे. योजना गेली, खोड राहिली. खासगी क्षेत्रात आरक्षण ही आपली जुनी मागणी आहे. ती आता नेमक्या जागेवर बोट ठेवून मागा: रोबोटची देखभाल, प्रोग्रामिंग, पीएलसी, डिझाइन. हेल्परच्या जागांसाठी आरक्षण कोणी मागत नाही, त्या तर आपल्याला न मागता मिळतात.

तीन. आयटीआय. आपली पोरे आयटीआयमध्ये भरपूर आहेत. पण अनेक ठिकाणी ती अजून जुन्या लेथवरच घासतात आणि बाहेर पडतात तेव्हा कारखाना पुढे गेलेला असतो. रोबोटला शिकवण्याचा जो हातातला फळा असतो, तो 'टीच पेंडंट' त्यांनी परीक्षेआधी एकदा तरी हातात धरलेला असावा. तालुक्याच्या आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांजवळच्या आयटीआयना हे आधी द्या.

चार. जातीनिहाय आकडे जाहीर करा. कोणत्या कामावर कोण आहे, दरवर्षी.

पाच. रोबोटने वाचवलेला वेळ कामगाराच्या खात्यात जमा करा. उत्पादन वाढले तर तास कमी, पगार तोच. १९४६ मध्ये तास कमी करता आले, तर आज का नाही?

आणि थोडे आपल्यालाही. आपल्या युनियन कायम कामगारांपाशी थांबतात, कंत्राटी पोरगा त्यांच्या सभासद यादीत नसतो. आपल्या जयंतीच्या वर्गणीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, पण अपघात झालेल्या पोराला वैद्यकीय मंडळापुढे घेऊन जाणारा एक माहितगार माणूस वस्तीत सापडत नाही. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ विमा कार्ड तपासायला, अपघाताचा अर्ज भरायला, आयटीआयचे प्रवेश अर्ज भरायला ठेवता येईल. त्याला मंत्री लागत नाही, निधी लागत नाही.

मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्या यादीत तिसरे नाव यंत्राचे नव्हते. आपण ते स्वतःहून घुसडू नये. नाहीतर होईल असे, की आपण रोबोटला दगड मारत बसू आणि ते दोघे त्याच्याआड निवांत उभे राहतील.

त्या पोराला आता मी सांगेन: बाळा, रोबोट तुझ्या प्रेसवर आला नाही कारण तुझी दोन बोटे त्याच्यापेक्षा स्वस्त पडली. ती स्वस्त का पडली हे तुला कळले आहे, म्हणून तर तू उभा राहून विचारलेस. पुढच्या जयंतीला तू मागच्या सतरंजीवर बसायचे नाहीस. तू व्यासपीठावर यायचेस, आणि खिशातला हात बाहेर काढून बोलायचेस.

जय भीम!